आधी उकळा, मग मोजा

अक्का,

तुमच्या घरी मी सहा वर्षांत पहिल्यांदा आले, तेही तुम्ही नसताना. किती वेळा म्हणाला होतात, बाई, एकदा चहाला या, आमचे माग बघा. मी दर वेळी ‘येते हो’ म्हणून वेळ मारून नेली. परवा आले तर माग बंद होते. सगळ्या गल्लीत खटखट चालू आणि तुमच्याच घरात तेवढी सामसूम. तुमचे भाऊ नरसय्या उंबऱ्याशी बसले होते. माझी बॅग बघून त्यांनी विचारलं, पोरांच्या वॉर्डातल्या बाई का? मी हो म्हटलं. ते उठले, आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि माझ्यासमोर बसले.

मी तिथं काय घेऊन गेले होते आणि नरसय्यांनी मला काय सांगितलं, ते लिहिणार आहे. पण आधी माझं सांगते. नाहीतर मी पुन्हा कुठून तरी पळवाट काढीन, आणि त्यात माझा हात किती बसलेला आहे हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तुम्ही गेल्यावर मेट्रनच्या खोलीत तुमच्यासाठी सगळे जमले होते. तुम्ही फार मायाळू होतात, असं एकजण म्हणाली. मला रडता रडता हसू आलं. मी पुण्याहून डॉक्टरकी शिकून नवी नवी आले आणि तुम्ही वॉर्डाच्या सिस्टर, तेव्हाची तुमची माया मला आठवते. माझं कोपर उकळलेल्या ट्रेला लागलं, जेमतेम लागलं, आणि तुम्ही एक शब्द न बोलता अख्खा ट्रे परत उकळायला टाकलात. हातमोजे घालून, दोन्ही हात वर धरून मी वीस मिनिटं उभी. बाळाचे वडील दारातून बघतायत. मी चिडून विचारलं, एवढ्याशानं काय होतं? तुम्ही म्हणालात, “थांबा की.” बस, एवढंच. त्या दोन शब्दांचा मला पुढं कितीतरी वेळा राग आला, आणि एकदा त्यांनीच माझी अब्रू राखली.

नाळेचं मात्र मी तुमच्याकडूनच शिकले. पुण्यात मला शिकवलं होतं की नाळेच्या रक्तवाहिनीतून नळी घालून बाळाचं रक्त बदलता येतं. पण ती नाळ शाबूत हातात मिळायला हवी, हे कोण शिकवणार? बाळंतपणाच्या खोलीत जाऊन तुम्ही सांगून ठेवायचात, ज्या बाईचं आधीचं पोर काविळीनं गेलं असेल किंवा पिवळं पडलं असेल तिच्या बाळाची नाळ चार बोटं लांब ठेवा, वाळू देऊ नका, सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज गुंडाळा. खेड्यातल्या सुईणींनी कातडीला लागून कापलेल्या, राख भरलेल्या नाळा बघून तुम्ही तेलुगूत काहीतरी पुटपुटायचात. ते काय होतं, मी कधी विचारलं नाही. बरं नसावंच.

आपल्याकडं नाळेत घालायच्या खास नळ्या नव्हत्या. बाळांना नाकातून दूध द्यायची बारीक नळी घ्यायची, तिचं टोक तिरकं न कापता सरळ कापायचं, बोटावरून फिरवून बघायचं की कुठं धार राहिली नाही ना, आणि उकळायची. रक्त बदलायचं असेल तर फार मोजमाप लागत नाही. रक्त मोकळं यायला लागलं की थांबायचं, दहा सीसी काढायचं, दहा घालायचं, काम झालं की नळी बाहेर. पण नळी दिवसभर आत राहू द्यायची असेल, तिच्यातून ग्लुकोज द्यायचं असेल, तर टोक नेमकं हवं. तोकडं राहिलं तर ते यकृतातच अडकतं आणि तिथं साखरेचं कडक पाणी जात राहतं. फार आत गेलं तर काळजात टोचतं.

किती आत, हे बाळाच्या खांद्यापासून बेंबीपर्यंतच्या अंतरावरून काढायचं. पट्टी बाळाच्या अंगावर नीट बसत नाही. आणि ट्रेमध्ये न उकळलेलं काही येऊ द्यायचं नाही, हा तुमचा दंडक. म्हणून मी युक्ती काढली. बाळाच्या अंगावर सूत धरायचं, त्याच्या तीन घड्या करून दोन घड्यांएवढं कापायचं, ते नळीबरोबर उकळायचं, आणि मग ट्रेमध्ये नळीशेजारी ठेवून तेवढ्यावर काळ्या रेशमाची गाठ मारायची. गाठ बेंबीशी आली की थांबायचं. माझं मलाच कौतुक वाटलं होतं. वॉर्डातलं सूत फार बारीक होतं, बोटांत धरवत नव्हतं, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी घरच्या मागावरची पिळाच्या सुताची लडी आणलीत. कोरी, करकरीत. युक्ती माझी, सूत तुमचं. वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांनाही आवडलं.

मग दुधनीची महादेवी आली. थोरली मुलगी धडधाकट होती, हे दुसरं. महादेवीचं रक्त निगेटिव्ह, मुलाचं पॉझिटिव्ह. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते बाळ तळपायापर्यंत पिवळं. आपण रक्त बदललं. मी घामाघूम, तुम्ही शांतपणे मोठ्यानं मोजताय, दहा बाहेर, दहा आत, सुरुवातीला मराठीत आणि शेवटी शेवटी तेलुगूत. बाळ तगलं. मग हाताची शीर सापडेना, डोक्याची सापडेना, आणि साखर तर द्यायलाच हवी होती. मी ठरवलं, नळी राहू द्यायची. सुतानं मोजून, गाठ मारून, नवीन नळी मी स्वतः घातली. आपल्या वॉर्डात राहू दिलेली ती पहिली नळी. तुम्ही बेंबीभोवती ड्रेसिंग केलंत.

दुसऱ्या दिवशी पोट फुगलं. एक्स-रेचा फोटो काढेपर्यंत दुपार झाली, आणि फोटो ओलाच हातात आला तेव्हा बाळ गेलं होतं. साहेबांनी तो खिडकीशी धरला. टोक जिथं हवं होतं त्याच्या खाली होतं. त्यांनी मला विचारलं, नळी किती आत घातली होती? मी म्हणाले, मापाप्रमाणे, बरोबर. मग खाली कशी आली? आणि मी म्हणाले, ड्रेसिंग करताना ओढली गेली असेल.

अक्का, मी हे खोटं बोलत होते असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. मला खरंच तसं वाटलं. माझी युक्ती चुकेल हे डोक्यातच आलं नाही, म्हणून दुसऱ्याचा हात आठवला. पण केसपेपरवर मी ‘असेल’ लिहिलं नाही. ‘ड्रेसिंगच्या वेळी नळी सरकली’ असं लिहिलं. एक शब्द गाळला आणि तुम्हाला मेमो मिळाला. तुम्ही उत्तरात एकच ओळ लिहिलीत, ड्रेसिंग मी केले. ना कबुली, ना नकार. मेट्रन वैतागल्या की हे काय उत्तर झालं. तुमची त्या वर्षीची बढती गेली. तुमच्या हाताखालची सिस्टर तुमची वरिष्ठ झाली आणि तुम्ही तिलाही ट्रे कसा लावायचा ते शिकवत राहिलात.

मी त्या आठवड्यात ट्रंक भरायला घेतली होती, हे तुम्हाला माहीत होतं. पुण्याला परत जाते, हे काम माझं नाही, म्हणत होते. जेवताना घास हातातून पडायचा. तुम्ही एक दिवस माझ्यासमोर नवी नळी आणि कात्री ठेवलीत आणि म्हणालात, टोक कापून ठेवा, उद्या लागलं तर? मी कापलं. वाकडं कापलं. तुम्ही दुसरी नळी दिलीत. चौथी नळी सरळ कापली गेली. त्या दिवशी मी ट्रंक परत पलंगाखाली सरकवली. तुमचे आभार मानले नाहीत. मनात तर अजून हेच होतं की चूक माझी नाही, तुमची, आणि आता तुम्ही भरपाई करताय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

पुढचं दीड वर्ष आपण रक्त बदलत राहिलो. नळी आत, नळी बाहेर, राहू द्यायची वेळ आली नाही. मी तर ती येऊच देत नव्हते.

आणि महादेवी पुन्हा आली. तिसरं बाळंतपण. या खेपेला दिवस भरायच्या आधीच येऊन राहिली होती. बरोबर तिची आई, जी मला बघितलं की कानडीत फक्त “यव्वा”, अगं आई, म्हणायची आणि पदर तोंडाला लावायची. मुलगी झाली. तुम्ही नाळ चार बोटं राखून ठेवलीत, ओलं गॉज गुंडाळलंत. संध्याकाळपर्यंत डोळे पिवळे, सकाळी पोट पिवळं. सकाळी आठला रक्त बदललं, नळी काढली. दुपारी बाळाला झटके यायला लागले. साखर हवी, लगेच हवी, आणि शीर पुन्हा कुठंच मिळेना. मी दोन्ही हात, दोन्ही पाय, डोकं सगळं टोचून बघितलं. शेवटी मी म्हणाले, नळी.

महादेवी भिंतीला धरून उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही. तिनं विचारलं, “बाई, मागल्या बारीला घातली तीच नळी हाय का ही?”

मी म्हणाले, तशीच आहे, तीच नाही. ती म्हणाली, बरं. आणि बाहेर जाऊन बसली.

मी सूत धरलं, कापलं, उकळायला टाकलं. पाणी उकळत होतं. तुम्ही चिमट्यानं नळी काढलीत, सूत काढलंत, ट्रेमध्ये ठेवलंत. मी गाठ मारायला रेशीम उचललं आणि तुम्ही म्हणालात, “थांबा की.”

मी वर बघितलं. तुम्ही उकळत्या पाण्यातून आणखी एक सूत काढलंत आणि खिशातून दुसरं, कोरडं. दोन्ही माझ्यासमोर धरलीत, ट्रेपासून दूर. “सकाळी दोन्ही बरोबरीनं कापली, बाई. हे एक उकळलं. सूत उकळल्यावर आखडतंय.” उकळलेलं सूत तोकडं होतं. किती, तर गव्हाच्या दाण्याएवढं. एवढंसं अंतर. पण ज्या बाळाची अख्खी छाती माझ्या तळहातात मावते तिथं तो दाणा म्हणजे टोक यकृतात की यकृतापलीकडं, एवढा फरक.

मला काय झालं सांगू? आधी राग आला. शरम नंतर. मी म्हणाले, “आत्ता? हे आत्ता सांगताय?”

“आत्ता सांगतीय. उकळलेलं सूत घ्या, परत मोजा.”

बाळाला पुन्हा झटका आला. वाद घालायला वेळ नव्हता, म्हणून मी घातला नाही, एवढंच. तुम्ही आधीच एक लांब सूत उकळून ठेवलं होतं. चिमट्यानं माझ्या हातात दिलंत. तुम्ही बाळाचे पाय धरलेत, मी खांद्यापासून बेंबीपर्यंत मोजलं, तीन घड्या, दोन घड्या, कापलं, गाठ मारली. नाळ नव्यानं कापली. शीर उघडली, मोठी, मऊ, उघड्या तोंडासारखी. नळी जात गेली. मध्येच अडली. मी ढकलणार तेवढ्यात तुम्ही काहीच न बोलता बाळाचं बूड जरा उचललंत, आणि ती सरकली. गाठ बेंबीशी आली. मी थांबले. सिरिंज ओढली, काळपट रक्त मोकळं आलं. तुम्ही रेशमानं नळी बांधलीत आणि मी ग्लुकोज सोडलं. वीस मिनिटांनी बाळानं मूठ उघडली. फोटोत टोक नेमक्या जागी होतं. साहेब म्हणाले, उत्तम. मी थँक्यू म्हणाले.

तुम्ही समोरच उभ्या होतात. मी थँक्यू म्हणाले आणि गप्प बसले.

ती दोन सुतं तुम्ही टेबलावर ठेवली होती. मी ती उचलली, ॲप्रनच्या खिशात टाकली आणि घरी जाऊन माझ्या पुस्तकात ठेवली, नवजात बाळांच्या प्रकरणात. का ठेवली? पुरावा म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. योग्य वेळी साहेबांना दाखवीन. योग्य वेळ म्हणजे काय, अक्का? साहेब बदलून गेले. केसपेपर गठ्ठ्यात गेला. मी वॉर्डात वरिष्ठ झाले, नव्या डॉक्टरांना शिकवू लागले. वॉर्डाच्या भिंतीवर तुम्ही खडूनं लिहिलंत, आधी उकळा, मग मोजा. सगळे त्याप्रमाणे करतात. का करतात, ते कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

एकदाच मी तुम्हाला विचारलं होतं. चहाच्या वेळी, दोघीच होतो. अक्का, तुम्हाला पहिल्याच वेळी कळलं होतं का? तुम्ही मागावर वाढलेल्या. या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक की कोरं सूत पाण्यात आखडतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं मी माप पुण्याहून शिकून आणलं आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईला विचारलं नाही. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, माझ्याच घरचं सूत ते, मला कळायला नको होतं का? मी म्हणाले, मग बोलला का नाहीत? तुम्ही म्हणालात, आता काय करायचंय बाई. मी म्हणाले, करायचंय. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि आपण उठलो. तो वाद तिथंच राहिला. तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं की नंतर? कळूनही गप्प बसलात का? तो दाणा नसता तर ते पहिलं बाळ वाचलं असतं का? शेवटचं तर मलाही माहीत नाही. कदाचित नसतंही. पण हे ‘कदाचित’ मी तुमच्या वाट्याला कधी येऊ दिलं नाही, सगळं स्वतःला ठेवलं.

परवा मी तुमच्याकडं ते पुस्तक घेऊन आले होते. सुतं बाहेर काढून नरसय्यांच्या हातात दिली. काय सांगायचं, कसं सांगायचं, रस्ताभर ठरवत आले होते. सांगायची वेळच आली नाही. त्यांनी दोन्ही सुतं अंगठ्याखाली फिरवली आणि एक वेगळं काढून म्हणाले, हे उकळलेलं. मग सावकाश म्हणाले, हीच का ती?

मी विचारलं, तुम्हाला माहीत आहे?

“मेमो आला त्या रातीच अक्कानं हितं सुतं उकळून बघितली की. रडली लई. माझ्याच हातचं सूत म्हनून. मी म्हनलं, जा, सांग सायबांना. तर म्हनली, बाईंचा हात कापतोय आत्ता. आत्ता सुताचं कळलं तर त्या नळी हातात धरायच्या न्हाईत, पुन्याला जातील. मग हितल्या पोरांना कोन हाय? परत नळी राहू द्यायची येळ येईल, तवा सांगीन.”

सुतं माझ्या हातात परत ठेवून ते म्हणाले, “मेमोचं मी मधनंमधनं काढायचो. हसायची. म्हनायची, बाईंनी दोन्ही सुतं पुस्तकात जपून ठिवल्यात, मी बघितलंय. टाकून द्यायची असती तर कवाच टाकली असती. सांगतील की एक दिवस.”

अक्का, तुम्ही बघितलं होतं. मी वॉर्डात पुस्तक उघडं टाकून जायची, तुम्ही त्याच्यावरची धूळ झटकायचात. तुम्ही इतकी वर्षं माझ्याकडं बघत होतात, वाट बघत होतात, आणि मला वाटायचं तुम्ही विसरलात. मला तुमचा राग येतोय. तुम्ही मला एकदा धरून विचारायला हवं होतंत. तुम्ही बाळांसाठी गप्प बसलात, मी माझ्यासाठी, आणि बाहेरून दोन्ही गप्प बसणं सारखंच दिसत होतं.

काल मी मेट्रनना कागद दिला. काय घडलं, कुणाची युक्ती, कुणी चूक काढली, खाली माझी सही. त्या म्हणाल्या, गेलेल्या माणसाची फाईल आता कशाला उघडता. मी त्यांच्यासमोर बसून राहिले. त्यांनी फाईल काढली, मेमोवर माझा कागद लावला, तेव्हा उठले. उशीर झालाय, मला कळतंय. तुमची बढती या कागदानं परत येत नाही.

आज सकाळी नळी घालायचं एक बाळ होतं. तुमच्या जागी नवी सिस्टर उभी होती, नुकतीच शिकून आलेली. तिनं सूत उकळलं, मग मला मोजायला दिलं. मी तिला विचारलं, आधी का उकळतात? ती भिंतीकडं बघून म्हणाली, तसं लिहिलंय. दोन नवे डॉक्टर होते, बाळाची आई दारात होती. मी गाठ मारता मारता सगळं सांगितलं. दुधनीच्या बाळाचं, गव्हाच्या दाण्याचं, केसपेपरवर मी गाळलेल्या एका शब्दाचं. तुमचं नाव घेतलं, माझं घेतलं.

मग नळी उचलली. माझा हात कापत होता, अक्का, सगळ्यांना दिसेल इतका. सिस्टर हळूच म्हणाली, थांबायचं का? मी म्हणाले नाही, बाळाचं बूड जरा उचल. तिनं उचललं, आणि नळी गाठीपर्यंत गेली.